नानांचं पाटबंधारे खातं

स्वतः कुत्रं न पाळता सगळ्यांच्या कुत्र्यांवर हक्क सांगणारा एक इसम प्रत्येक सोसायटीत असतो. आमच्याकडे ते पद नानांकडे आहे. नाना पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. घरात कुत्रं नाही, कारण काकूंनी लग्न ठरतानाच सांगून टाकलं होतं म्हणे, की या घरात केस गळणारा एकच प्राणी राहील. पुढे नानांचे गळण्याजोगे केस संपले, तरी अट काही उठली नाही. त्यामुळे चारही विंगमधली पट्टेवाली कुत्री आणि गेटबाहेरची बिनपट्ट्याची, अशी सगळीच प्रजा नानांच्या ताब्यात आली.

कोथरूडच्या आमच्या बाजूचे लोक सकाळी कुत्री घेऊन वेताळ टेकडीवर जातात. त्यांच्या परतीच्या वेळेला नाना पार्किंगच्या तोंडाशी उभे असतात. मालकाकडे आधी बघायची पद्धत नाही. “काय ब्रूनोशेठ, पोट साफ?” एवढी चौकशी झाली की हात निघतो. कानामागून, जबड्याखालून, मानेवरून, काखेत, पोटाखाली, शेपटीच्या बुंध्याशी आणि शेवटी चारही पंजांच्या बेचक्यांत. हात फिरत असताना तोंडाने पाणीकपातीवर भाष्य चालू असतं. भाष्य मध्येच थांबलं, की समजावं हाताला काहीतरी लागलं. नाना दोन बोटांनी जागा चाचपतात (पूर्वी ती बोटं नाकाशीही न्यायचे) आणि टाकीच्या दिशेने वर बघतात.

“गळू,” नाना जाहीर करतात. “पण कच्चं आहे.”

मालकाचा चेहरा पडतो. नानांचा उजळतो.

नानांच्या वैद्यकाचा पाया 12 जुलै 1961 रोजी घातला गेला. त्या दिवशी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. नाना तेव्हा आठ वर्षांचे होते आणि नारायण पेठेत राहत होते. घरातलं सामान गेलं, पण तत्त्व हाती लागलं. साठलेल्या पाण्याला तुम्ही वेळेवर वाट दिली नाहीत, तर ते आपली वाट आपण काढतं, आणि ती तुम्हाला परवडत नाही. नोकरीभर हे तत्त्व त्यांनी कालव्यांना लावलं. निवृत्तीनंतर कालवे सुटले आणि कुत्री आली. कातडीखाली साठलेला पू म्हणजे त्यांच्या लेखी बिनसांडव्याचं धरण.

गंमत अशी, की हे पशुवैद्यकाला धरूनच आहे. जंतू आत शिरले की पांढऱ्या पेशी तिथे धावतात, लढतात, मरतात. आजूबाजूचा मांसल भाग वितळतो आणि शरीर त्या सगळ्या घाणीभोवती एक भिंत उभी करतं. त्या भिंतीने संसर्ग अडतो खरा, पण औषधही आत नीट पोचत नाही. म्हणून भरलेलं गळू नुसत्या गोळ्यांनी सहसा हटत नाही. पू बाहेर काढावाच लागतो. चौकातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी हे पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा नाना कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मुख्य अभियंत्याने फाइलवर शेरा न मारता सही करावी, असा प्रसंग त्यांच्या नोकरीत कधी आला नव्हता. डॉक्टरीणबाई शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या. शिरवळ म्हणजे वीर धरणाच्या शेजारचं, एवढ्यावर नानांनी त्यांना आधीच मान्यता दिलेली होती. आता आदर सुरू झाला.

कालव्याला आवर्तनं असतात, तशी नानांच्या गळवांनाही आहेत. पहिलं भाद्रपदात. गेटबाहेर रात्रभर रणं माजतात आणि सकाळी मंडळी काहीच न झाल्यासारखी उन्हात पडलेली असतात. सुळ्याची जखम फसवी असते. वर बारीकसं भोक, केसांत दिसतही नाही. पण सुळा खोल गेलेला असतो, आणि तोंडातले जंतू तिथे सोडून आलेला असतो. वरचं भोक एकदोन दिवसांत मिटतं आणि आत कारखाना चालू राहतो. आणखी दोनचार दिवसांनी तिथे गरम, दुखरी सूज येते. मग मध्यभाग मऊ पडतो, वरची कातडी पातळ होते, केस झडतात आणि एके दिवशी ते फुटतं. भांडण झाल्याची बातमी वॉचमनकडून कळली, की नाना वहीत तारीख टाकतात आणि पुढचा आठवडाभर त्या कुत्र्याच्या मागावर राहतात. बहुतेक वेळा सूज येते तेव्हा नाना तिथे तिच्या आधी पोचलेले असतात.

दुसरं आवर्तन पावसाळ्यानंतरचं, कुसळांचं. टेकडीवरचं कुसळी गवत दसरा-दिवाळीच्या सुमाराला वाळतं आणि त्याची कुसळं सुटतात. आपल्या पायजम्याला चिकटतात ती उपटून टाकता येतात. कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात शिरलेलं कुसळ मात्र मागे येत नाही. त्याचं टोक अणकुचीदार, त्यावरचे बारीक केस उलट्या दिशेचे, आणि शेपूट ओलाव्याने पीळ घेणारं किंवा सोडणारं. कुत्रं चाललं की ते पुढेच सरकतं. मग पंजावर सूज, लंगडणं आणि दिवसभर एकच पाय चाटत बसणं. बरं, गळू फोडून पू काढला, तरी आतलं कुसळ निघेपर्यंत ते पुन्हा पुन्हा भरतं. ज्यांच्या कुत्र्याचा पंजा तिसऱ्यांदा सुजला, त्यांना नाना औषध विचारत नाहीत. “गाळ काढला का गाळ?” एवढंच विचारतात. टेकडीवरून आल्यावर पंजे उलटून बघायची सवय आमच्या सोसायटीला नानांनीच लावली. तीही स्वतः बघून, आणि मालकाला उभं करून.

इथपर्यंतचे नाना मला बिनतोड वाटतात. ओळखावं तर नानांनीच. अडचण पुढे सुरू होते, कारण ओळखून गप्प बसणं त्या प्रकृतीत नाही.

ब्रूनोच्या मांडीवरच्या गळवाचंच घ्या. ब्रूनो हा बी विंगमधल्या एका तरुण जोडप्याचा लॅब्रेडॉर. दोघंही आयटीत, दोघंही घाबरट, आणि ब्रूनो मात्र खाण्यापलीकडे कशाचीच फिकीर न करणारा. नानांनी गळू कच्चं ठरवलं आणि ते पिकवायचं काम हाती घेतलं. त्यांच्या आजीचं एक शास्त्र आहे. जवसाची पोटीस, नाहीतर भाजलेला कांदा, वर हळद, तूप आणि घट्ट पट्टी. कांदा काकूंच्या स्वयंपाकघरातून आला, तूपही तिथलंच. नानांनी पार्किंगमध्ये बसून ब्रूनोच्या मांडीला अशी काही पट्टी बांधली, की बघायला आलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

ब्रूनोने पहिल्यांदा तूप चाटलं. मग हळद. नानांनी वळून स्कूटरच्या सीटवरचा चष्मा उचलेपर्यंत कांदा आणि पट्टी दोन्ही आत गेले होते. पोरांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

फोनवर डॉक्टरीणबाईंचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, भाजला-शिजवला म्हणून त्याचा तो गुण जात नाही, आणि परिणाम लगेच न दिसता काही दिवसांनी दिसू शकतो. ब्रूनोच्या आकाराला एवढ्याशा कांद्याने काही व्हायचं नाही, पण पट्टी आतड्यात अडकली तर पोट फाडावं लागेल. ब्रूनोचं जोडपं कंपनीतून रजा काढून त्याच्या मागेमागे हिंडत राहिलं. पट्टी दुसऱ्या दिवशी सुखरूप बाहेर आली. ही वार्ता नानांना फोनवरून कळवण्यात आली तेव्हा ते जेवत होते. त्यांनी स्पीकर लावला होता. काकू पानावरून उठल्या.

त्या दिवसापासून नानांच्या औषधी अधिकारांवर मर्यादा आल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांना एक परवानगी दिली. स्वच्छ फडकं सोसवेल इतक्या गरम पाण्यात पिळून पाच-दहा मिनिटं शेक द्यायचा, दिवसातून तीनचार वेळा, तोही कुत्रं देऊ देईल तर. बाकी सगळं बंद. पिळायचं नाही, कारण दाबलेला पू बाहेरच येईल याची खात्री नाही, आतल्या आतही पसरतो. घरची सुई तापवून टोचायचं नाही. फेस येणारं औषध जखमेत ओतायचं नाही, त्याने चांगली कातडीही जळते. आणि माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या अजिबात द्यायच्या नाहीत. आयबुप्रोफेनसारख्या गोळीने कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडं जातात. नानांनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं आणि खाली लिहिलं, ‘वरिष्ठांच्या आदेशावरून’.

शेकावर समाधान मानणारा माणूस तो नव्हेच. त्यांनी मोजमाप सुरू केलं. गळू असलेल्या कुत्र्याला ताप येऊ शकतो, ते मलूल होतं, खात नाही, हे त्यांना ठाऊक होतं. नाक कोरडं म्हणजे ताप, या लोकमतावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि त्यात ते बरोबर होते. ताप थर्मामीटरने बघायचा असतो आणि कुत्र्याच्या बाबतीत तो तोंडात ठेवत नाहीत. नानांनी ब्रूनोचा ताप शास्त्रशुद्ध मार्गाने घेतला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, ‘ब्रूनो 102. परिस्थिती गंभीर.’ जोडप्याने पुन्हा रजा टाकली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “नाना, कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं. 101 ते 102.5 म्हणजे ठणठणीत. 103च्या वर गेलं तर मला फोन करा.” नानांनी ग्रुपवर सुधारित पत्रक काढलं. घरी मात्र वेगळाच प्रश्न उभा राहिला. थर्मामीटर कपाटातल्या औषधांच्या डब्यातला होता. काकूंनी तो चिमट्यात धरून बाहेरच्या खिडकीत ठेवला, नवा आणला आणि त्याच्या डबीवर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘माणूस’.

बोटं नाकाशी नेण्याची सवयही अशीच सुटली. डी विंगमधला एक पग बूड जमिनीला घासत चालायचा. मालकीणबाईंना वाटलं जंत झाले. नानांचा हात शेपटीखाली गेला, तिथे एका बाजूला टणक सूज लागली, आणि नानांनी नेहमीप्रमाणे जाग्यावर दाब दिला. कुत्र्याच्या गुदद्वाराच्या दोन बाजूंना दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या तुंबल्या की तिथेही गळू होतं. ते नेमकं नानांच्या बोटाखाली फुटलं. त्या वासाचं वर्णन नाना अजूनही करत नाहीत, आणि वर्णन न करण्याची त्यांच्या आयुष्यातली ही बहुधा एकमेव घटना.

पण नानांचा खरा विजय मोतीचा. मोती हा सी विंगमधल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचा म्हातारा स्पिट्झ. त्याच्या उजव्या डोळ्याखाली सूज आली, फुटली, वाहिली, सुकली. बाईंनी सुटकेचा श्वास टाकला आणि महिन्याभराने तिथेच पुन्हा सूज. मधमाशी चावली असेल, कुणीतरी दगड मारला असेल, दृष्ट लागली असेल, असं सगळं झालं. नाना रोज सूज मोजत होते आणि अस्वस्थ होत होते. त्यांच्या हिशेबात ते बसत नव्हतं. एकदा सांडवा मिळाल्यावर धरण पुन्हा का भरावं? पाणलोट कुठून?

डॉक्टरीणबाईंनी डोळ्याकडे बघितलंच नाही. त्यांनी मोतीचा वरचा ओठ उचलला. आत वरच्या जबड्यातली मोठी दाढ उभी चिरलेली. हाडं फोडफोडून ती कधीतरी तडकली होती, जंतू मुळांपर्यंत उतरले होते, आणि त्या मुळांची टोकं बरोबर डोळ्याखाली येतात. पू दाढेच्या मुळाशी साठत होता आणि गालफडातून वाट काढत होता.

नाना त्या उघड्या तोंडात बघत राहिले. मग म्हणाले, “पाझर! बाई, हा पाझर आहे. गळती भिंतीत एकीकडे असते आणि पाणी दिसतं खाली भलतीकडेच. वर मलम चोपडून काय उपयोग? मूळ शोधलं पाहिजे.”

“अगदी बरोबर, नाना.”

दाढ काढल्यावर डोळ्याखालची सूज पुन्हा आली नाही. नानांनी ही हकिगत आजवर मला इतक्यांदा सांगितली आहे, की तिच्यात हळूहळू ओठ उचलणारा हात त्यांचा होत चालला आहे. मुख्याध्यापिकाबाई मात्र प्रत्येक वेळी दुरुस्ती करतात.

या विजयाने डोक्यात गेलेली हवा चिंगीने उतरवली. चिंगी ही तळमजल्यावरच्या आजींनी उचलून आणलेली गावठी कुत्री, वय झालेली, अंगाने सुटलेली. तिच्या बरगडीवर एक मऊ गाठ होती. नानांचं निदान तयारच होतं, “पिकलंय. फक्त वाट द्यायची.” डॉक्टरीणबाईंनी सुई मागवली. नाना दुखावले. म्हणाले, बोटाला कळत नाही ते सुईला काय कळणार. बाईंनी बारीक सुईने गाठीतलं थोडं ओढलं, काचेवर पसरलं आणि नानांना दाखवलं. पू नव्हता, नुसती चरबी. साधं आवाळू. “आणि नाना, हे रक्त साठल्याने झालेलं असतं तर? हर्निया असता, तर आत आतडं असतं. कर्करोगाची गाठही कधी कधी अशीच मऊ लागते. तुम्ही काय, वाट देणार होतात?”

नानांनी त्या दिवशी वहीत काही लिहिलं नाही.

नाना चुकतात म्हणून त्यांना हसणारे पुष्कळ आहेत. अध्यक्षमहाशय त्यांत पहिले. पार्किंगमध्ये प्राण्यांवर उपचार करण्यास मनाई आहे, अशी पाटी त्यांनी लावली. त्या पाटीखालीच नाना आता बसतात, कारण तिथे सावली असते. पण याच नानांच्या हाताला एका सकाळी ए विंगमधल्या कुत्रीच्या सडाजवळ वाटाण्याएवढी टणक गोळी लागली. गरम नव्हती, दुखत नव्हती, दाबली तर दबत नव्हती. नाना या वेळी गळू म्हणाले नाहीत. “हे माझ्या खात्यातलं नाही, आजच दाखवा,” एवढं म्हणाले आणि पाणीकपातीवर बोलणंही सोडून दिलं. ती गोळी वेळेत निघाली. हसणाऱ्यांनी स्वतःच्या कुत्र्याच्या पोटाखालून शेवटचा हात कधी फिरवला, हे त्यांनाच विचारलेलं बरं.

डॉक्टरीणबाईंना हे आमच्या आधी कळलं असावं. त्यांनी नानांना बंद करण्याऐवजी कामाला लावलं. पहिली अट, स्वतः रेबीजची प्रतिबंधक लस टोचून घ्या. दुसरी, हातमोजे. तिसरी, दुखऱ्या कुत्र्याचं तोंड आधी पट्टीने बांधून घ्या. कितीही ओळखीचं असलं, तरी ठणका लागल्यावर ते ओळख ठेवत नाही. या तिन्हींवर नानांची सही आहे.

यंदाच्या भाद्रपदात काळूची मान सुजली. काळू गेटबाहेरचा, कानाला नसबंदीची खूण असलेला, पण भांडणाची हौस शाबूत असलेला. नानांनी तिसऱ्याच दिवशी सूज पकडली, वर्गणी काढली (अध्यक्षांनीही पन्नास रुपये दिले, पावती मागून), आणि रिक्षात काळूला मांडीवर घेऊन दवाखान्यात गेले. तिथे गुंगीचं इंजेक्शन झालं, केस भादरले गेले. सूज हाताला पुरती मऊ लागत होती. बाईंनी छेद कुठे घ्यायचा ते बोटाने दाखवलं, सगळ्यात खालच्या बाजूला.

“म्हणजे आपोआप निचरा होतो,” त्या म्हणाल्या.

“तळपातळीला विमोचक!” नाना जवळजवळ ओरडलेच. पू वाटीभर निघाला. सलाइनने पोकळी पुन्हा पुन्हा धुतली, आत रबराची मऊ पट्टी सोडली आणि जखम मुद्दाम उघडी ठेवली. वरून लवकर मिटली तर आत पुन्हा साठतं. तिने आतून बाहेर भरत यायला हवं. भरेपर्यंत माश्या बसू द्यायच्या नाहीत, नाहीतर अळ्या पडतात. अँटिबायोटिकच्या गोळ्या सांगितलेले सगळे दिवस द्यायच्या, सूज उतरली म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. आणि चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कर्णा.

कर्ण्यासह काळूची स्थापना बी विंगच्या जिन्याखाली झाली. गोळी पेढ्यातून द्यायची की अंड्यातून यावर दोन पक्ष पडले. नानांनी अंड्याचा पक्ष घेतला, कारण पेढा अर्धा ते स्वतःच खात होते. दर चार तासांनी ते टॉर्च घेऊन खाली उतरत, रबराच्या पट्टीतून किती येतं ते बघत आणि वहीत लिहीत. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला, “नाना, किती वाहतंय?” नानांनी वही बघून सांगितलं, “नाममात्र, बाई. क्युसेकमध्ये बसत नाही.”

रात्री सोसायटीच्या ग्रुपवर पत्रक आलं, ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की आज सकाळी 10.40 पासून नियंत्रित विसर्ग सुरू करण्यात आला आहे. आवश्यकतेनुसार विसर्ग कमी-अधिक होऊ शकतो. बी विंगच्या जिन्याखाली कोणीही उतरू नये. सहकार्य करावे.’

काळूचं नाव घालायचं राहून गेलं होतं. डी विंगमध्ये त्याच आठवड्यात आलेल्या नव्या बिऱ्हाडाने रात्री साडेदहापर्यंत घरातल्या सगळ्या बादल्या, पिंप आणि प्रेशर कुकर भरून ठेवले, आणि जिन्याखाली लावलेली स्कूटर हलवायला त्यांचा मुलगा धावत खाली आला.